हाओदादांची पाठ

आमच्या गटात उभे राहण्याचा एक नियम आहे. ज्याला काही येत नाही त्याने मधोमध उभे राहायचे, ज्याला बऱ्यापैकी येते त्याने कडेला, आणि ज्यांच्या अंगात ताय-चीची पंच्याऐंशी चालींची मालिका पुरती मुरली आहे अशा चौघांनी चार कोपरे धरायचे. मालिका सुरू झाली की माणूस सारखा वळत असतो. कधी पूर्वेला, कधी पश्चिमेला, एकदा तर ओळीने चारही उपदिशांना. मधला माणूस कुठेही वळला तरी त्याच्यासमोर कुणाची ना कुणाची पाठ असतेच. त्या पाठीने हात उचलला की आपण उचलायचा, ती खाली बसली की आपण बसायचे. कोपऱ्यातल्या माणसासमोर मात्र कधी कधी नुसती बाग असते.

मी या मधल्या जागेत आठ वर्षे परमसुखात काढली.

हानदान शहरातल्या कापड गिरणीतून मी पन्नासाव्या वर्षी निवृत्त झाले आणि आठवड्याच्या आत थानताईंनी मला बागेत ओढून नेले. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, त्या माझ्या मुकादम होत्या आणि निवृत्तीनंतरही त्यांनी ते पद सोडले नव्हते. गळ्यात तीच शिट्टी, आवाजात तोच शंभर सुरू साच्यांवरून ऐकू जाणारा सूर. सकाळी सहाला आधी श्वासाबरोबर करायचे छी-गोंगचे आठ प्रकार, मग मालिका, मग बागेच्या फाटकाशी राळ्याची खारट पेज आणि तळलेल्या कणकेच्या काड्या. या क्रमात आठ वर्षांत खंड पडला नाही. माझ्यासमोर ईशान्य कोपऱ्यात हाओदादा उभे असत. त्यांच्या राखाडी बंडीच्या डाव्या खांद्यावर रफू होते. ते रफू वर गेले की श्वास घ्यायचा, खाली आले की सोडायचा, इतके माझे शास्त्र सोपे होते.

आणि मला वाटत होते की मला ताय-ची येते.

एप्रिलच्या एका सकाळी पेज पिता पिता थानताईंनी शिट्टी वाजवली.

"ऐका. हाओ महिनाअखेर शेन्झेनला मुलीकडे चाललाय. नात झालीय, सांभाळायला माणूस हवंय. आणि मेच्या पहिल्या रविवारी शहरातल्या सगळ्या बागांचा मेळावा आहे. ईशान्य कोपरा रिकामा ठेवून मी मंचावर जाणार नाही."

"मी आहे की," लुओभाऊ म्हणाले. लुओभाऊ दुसऱ्या रांगेतले; गिरणीचा ट्रक चालवायचे आणि आता आमची चेष्टा करायचे.

"तू गप्प बस. तू वळणावर बायकांशी बोलतोस. कोपरा यूमेईला."

माझ्या घशात कणकेची काडी आडवी झाली. "मला?"

"आठ वर्षांत एक दिवस चुकली नाहीस. हाओ पाय उचलतो तेव्हा तुझा पाय हवेत असतो. मी मागून बघते ना. दोघं एका दोऱ्यातले वाटता."

सगळ्यांनी चमचे वाट्यांवर आपटून टाळ्या दिल्या. माझ्या डोक्यात अशी काही हवा भरली की फाटकापासून घरापर्यंतचे पाऊण मैलाचे अंतर मी चालले की तरंगले हे सांगता येणार नाही. कोपरा! चाळीस माणसे आपल्याकडे बघून वळणार! गिरणीत सतरा वर्षे मी भिंतीवरच्या फलकावर सुवाच्य अक्षरांत सूचना आणि बातम्या लिहीत असे. मजकूर दुसऱ्याचा, अक्षर माझे. आता कुठे आपल्या हातून काहीतरी आपले होणार होते.

घरी येऊन मी खुर्च्या भिंतीला लावल्या, मधोमध उभी राहिले आणि मालिका सुरू केली. सुरुवात झाली. चिमणीची शेपटी पकडणे झाले, चाबूक झाला, हात वर झाले, पांढऱ्या बगळ्याने पंख पसरले आणि बगळा तसाच राहिला. पुढे काय? मी कपाटाकडे बघितले. कपाट काही सांगेना. पुन्हा पहिल्यापासून केले. पुन्हा बगळा. तिसऱ्या वेळी नवरा मासे पकडायची काठी घेऊन बाहेर पडत होता. तो दारात थांबला.

"कुणाची वाट बघतेयस?"

"पुढच्या चालीची."

"येईल," असे म्हणून तो गेला.

ती आली नाही. तिसऱ्या दिवशी मला मान्य करावे लागले की मला ताय-ची येत नाही. मला हाओदादांची पाठ येते.

हे थानताईंना सांगणे अशक्य होते. सांगितले असते तर कोपरा गेला असता, आणि तीन दिवसांत मी त्या कोपऱ्याच्या इतकी प्रेमात पडले होते की तो गेल्यावर मधल्या जागेतही उभे राहणे मला जमले नसते. म्हणून मी मुलीकडे गेले. तिचे नाव निंगनिंग; ती बाजारातल्या एका उंच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर योग शिकवते.

"ये आमच्या वर्गाला," ती म्हणाली. "योगात कुणाकडे बघायचं नसतं. डोळे मिटायचे आणि आत बघायचं."

मी गेले. डोळे मिटले. आत अंधार होता. मग मी एकच डोळा, तोही अर्धा, उघडला. समोर जांभळ्या कपड्यांतली एक लवचीक मुलगी होती. पाठ छान होती. तिने हात वर केले, मी केले. ती वाकली, मी वाकले. मग ती गुडघ्यांवर आली, तळहातांनी जमीन चाचपत डावीकडून उजवीकडे गेली, गाल फरशीला टेकवला आणि चटईची कड उचलून खाली बघितले. कठीण आसन होते, पण मी नेटाने केले. माझ्या मागच्या दोघी बायकांनीही चटया उचलल्या.

"आई," निंगनिंगचा हलका आवाज आला, "काय करतेयस?"

"सगळे करतायत तेच."

"अगं, तिचं कानातलं पडलंय. ती ते शोधतेय."

हसण्याची अशी लाट उठली की पंधरा जणी आपापल्या चटयांवर कोसळल्या. जांभळी मुलगी तर पोट धरून बसली. कानातले माझ्या चटईखाली सापडले, हे नोंदवायला हवे. पण त्याचे श्रेय मला कुणी दिले नाही.

नंतर शेवया खाताना निंगनिंगने डोळे पुसत विचारले, "तू हॉटेलात कधी मेन्यू वाचलायस?"

"शेजारच्यांनी मागवलेलं चांगलं दिसतं म्हणून..."

"म्हणून बोट दाखवतेस. आणि बाबांशी लग्न?"

मी प्रामाणिकपणे आठवून बघितले. "त्या वर्षी साचेखात्यातल्या सगळ्याच मुली फिटर लोकांशी लग्न करत होत्या गं."

तिच्या नाकातून शेवयांचे पाणी आले. मलाही हसू आवरेना. गंमत अशी की मला वाईट अजिबात वाटले नाही. अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत स्वतःची एक गोष्ट आपल्याला माहीत नसावी आणि ती एका कानातल्यापायी कळावी, याने मला गुदगुल्याच होत होत्या. घर बदलताना कपाटामागे नवी कोरी खोली सापडावी तसे वाटत होते.

"हाओकाकांकडे जा," निंगनिंग म्हणाली. "ज्यांची पाठ चोरलीस त्यांनाच विचार."

हाओदादांच्या घरात खोकी रचलेली होती. त्यांचे मूळ गाव योंगनियन. तिथे ताय-चीची घराणी आहेत आणि दादा लहानपणी मामाकडून शिकलेले. त्यामुळे त्यांच्यासमोर बोलताना आम्ही सगळेच जरा सरळ बसायचो. मी सरळ बसले आणि सगळे सांगून टाकले.

"उभी राहा," ते म्हणाले. "आत्ता वजन कुठल्या पायावर आहे?"

"दोन्ही."

"नीट बघ."

मी बघितले. बरेच बघितले. मग हळूच काहीतरी जाणवले. "डाव्या. थोडं जास्त."

"सगळं डाव्यावर घे. आता डावा उचल."

"कसा उचलू? पडेन ना!"

"मग कुठला उचलता येईल?"

"उजवा."

"मग पुढची चाल लक्षात कशाला ठेवायची? ज्या पायावर वजन नाही तोच पाय पुढे जाऊ शकतो. दुसरा पर्यायच नाही. मालिका पाठ करायची नसते, यूमेई. एक पाय भरायचा, दुसरा रिकामा करायचा. भरलेल्याला विचारायचं, रिकाम्याला पाठवायचं."

मी खोक्यांमधल्या चिंचोळ्या जागेत एक पाय भरला, दुसरा पाठवला. पांढऱ्या बगळ्याने पंख मिटले आणि माझा गुडघा आपण होऊन वळला. पुढची चाल आली! नवरा म्हणाला होता तशीच, आपल्या पायांनी आली. मी "अगंबाई!" असे ओरडले की हाओवहिनी स्वयंपाकघरातून झारा घेऊन धावत आल्या.

"काय झालं? पडली?"

"नाही, सापडली," दादा म्हणाले.

मग मी धीर करून शेवटची शंका विचारली. मालिकेच्या शेवटच्या भागात 'सुंदरी धोटा फेकते' ही चाल आहे. गिरणीतल्या बायकांची ती लाडकी, कारण मागावर आडवा धागा नेणारा धोटा आम्ही खरोखर फेकलेला आहे. ती चार उपदिशांना चार वेळा करायची. तिसरा धोटा ईशान्येला जातो. तेव्हा सगळा गट हाओदादांकडे वळतो.

"तिसऱ्या धोट्याला ती छोटी उडी आहे ना, दादा, ती मला वजन भरून जमत नाही."

"कसली उडी?"

"ती हो. तुमची. डावा पाय गुडघ्यापर्यंत वर, मग पलीकडे."

"मी उडी मारतो?"

मला वाटले, परीक्षा घेत आहेत. "सगळेच मारतो, दादा. चाळीस जण."

ते उठले. त्यांनी खोके सरकवले, तिसऱ्या धोट्याला वळले आणि त्यांचा डावा पाय सुबकपणे वर उचलला गेला, हवेतले काहीतरी ओलांडून पलीकडे टेकला. ते पायाकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचे कान लाल झाले.

"ही... ही तर तुतीची मुळी आहे!"

"कुठली तुती?"

"गिरणीच्या उपाहारगृहामागची! आपण बागेत यायच्या आधी तिथे करायचो. माझ्याच कोपऱ्यात तुतीची मुळी वर आलेली होती, एवढी! ठेच लागायची म्हणून मी ती ओलांडायचो." त्यांनी खोक्याचा आधार घेतला. "बागेत येऊन दहा वर्षं झाली. दहा वर्षं मी नसलेली मुळी ओलांडतोय!"

"आणि आम्ही तुमच्यामागे."

"आणि नदीपलीकडच्या बागेतला गट? ते गेल्या साली आपल्याकडून शिकून गेले ना?"

"तेही उडी मारतात, दादा. मी बघितलंय. फार मन लावून मारतात."

ते खोक्यावर बसले, खोके दबले, आतल्या बशा खळकन वाजल्या आणि वहिनी ओरडल्या. पण आम्हा दोघांना काही ऐकू येण्याच्या पलीकडचे हसू फुटले होते. योंगनियनच्या घराण्यातला माणूस डोळ्यांतले पाणी बाहीने पुसत होता आणि मध्येच "तुती!" एवढाच शब्द उच्चारून पुन्हा कोसळत होता.

दुसऱ्या दिवशी पेज पिताना त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितले. मग थानताई म्हणाल्या, "मला वाटायचं, तुझ्या मामांची घराण्यातली गुप्त चाल आहे. विचारणं बरं दिसलं नसतं."

"मी बायकोला तेच सांगितलं होतं," कडेच्या रांगेतून एक जण पुटपुटला. "घराण्याची चाल आहे, उगीच कुणाला दाखवू नकोस."

"मी तर त्या उडीसाठी येतो रोज," लुओभाऊ म्हणाले. "बाकीच्या चौऱ्याऐंशीत झोप येते. ठेवा हो ती. दहा वर्षं ओलांडली, आता मुळी आपलीच झाली."

"मेळाव्यात परीक्षक बसतात," दुसरे कुणी म्हणाले. "गुण कापतील."

वाद चांगलाच रंगला. पेज गार झाली. शेवटी थानताईंनी शिट्टी वाजवली आणि माझ्याकडे बोट केले.

"ईशान्य कोपरा तिचा. मेळाव्याच्या दिवशी तिचा पाय जे करेल ते सगळ्यांचे पाय करतील. आधी कुणी काही ठरवायचं नाही. यूमेई, तूसुद्धा ठरवू नकोस. तू ठरवलंस की तुझ्या चेहऱ्यावर दिसतं."

मग त्या माझ्या कानाशी वाकल्या. "येते ना गं तुला?"

मी सांगून टाकले. "तेव्हा येत नव्हती, थानताई. मी दादांची नक्कल करत होते. आता थोडी थोडी येतेय."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "साचेखात्यात तू शेजारणीचा धागा तुटला की तुझाही साचा थांबवायचीस. म्हणून तर कोपऱ्यात घातली, तिथे बघायला कुणी नसतं. पण रविवारी अडलीस तर सोमवारपासून परत मध्ये. हे पक्कं."

ते तीन आठवडे मी भरलेल्या आणि रिकाम्या पायांच्या नशेत काढले. भाजीच्या रांगेत मी उभी असे ती एका पायावर. बसमध्ये वळण आले की वजन डावीकडून उजवीकडे सांडत जाई आणि मी त्याच्याबरोबर आत कुठेतरी सांडत जाई. भांडी घासताना तळव्याखाली फरशी लागे. ती तिथे तीस वर्षे होती, पण लागली आत्ता. हॉटेलात मी मेन्यू मागितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि नवरा दोनदा "झालं का?" म्हणाला तरी ठेवला नाही. मागवले ते कारले. मला कारले आवडते! हे कळल्यावर मला एवढा आनंद झाला की मी आणखी एक बशी मागवली, आणि नवरा घाबरून आपल्या भाताकडे बघत बसला.

हाओदादा गेले. निरोप द्यायला आम्ही स्थानकावर गेलो तेव्हा गाडी हलल्यावर त्यांनी खिडकीतून हात केला. मी त्यांचा चेहरा नीट बघितला. आठ वर्षांत तो मी फारसा बघितलेलाच नव्हता.

मेळाव्याच्या दिवशी चौकात नऊ बागांचे नऊ गट होते. रंगीत कपडे, कर्णे, पाण्याच्या बाटल्या, एकमेकांकडे तिरके बघणारे परीक्षक. आमचा क्रमांक सातवा. मंचावर चढून मी ईशान्य कोपऱ्यात उभी राहिले. समोर मंचाची कड, पलीकडे प्रेक्षक, त्यांच्या मागे आकाश. पाठ कुठेच नव्हती. मी मागे वळून मधली जागा शोधली. तिथे एक नवी बाई उभी होती आणि ती माझ्या पाठीकडे डोळे लावून होती. माझ्या पाठीकडे!

संगीत सुरू झाले. पहिले दोन भाग सोपे गेले, कारण बहुतेक वेळा पुढे कुणी ना कुणी असतेच. पण मी त्यांच्याकडे बघत नव्हते, हे मला मध्येच कुठेतरी जाणवले आणि जाणवताच मी जवळजवळ अडखळले. मग धोटे आले. पहिला नैऋत्येला गेला. दुसरा आग्नेयेला. तिसऱ्यासाठी आम्ही एक्केचाळीस जण वळलो आणि मी एकटी आकाशासमोर उभी राहिले.

डोके कोरे होते. मला एकही चाल आठवत नव्हती, चालीचे नावसुद्धा नाही. मी फक्त विचारले, वजन कुठे आहे? उजवीकडे, पुरते उजवीकडे, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. डावा पाय रिकामा होता. तो निघाला. वर जाऊ का, असे त्याने विचारले नाही, मीही सांगितले नाही. मंच सपाट होता आणि पाय सपाट गेला. माझ्यामागे चाळीस पाय टेकल्याचा एकच आवाज आला. एकच म्हणणे बरोबर नाही. सदतीस एकदम टेकले आणि तिघांनी उडी मारली. त्यांत लुओभाऊ होते, आणि त्यांची उडी अशी उंच व झोकदार होती की प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मला हसू फुटले. हसता हसता मी धोटा फेकला. श्वास आत आला, बाहेर गेला, आणि हसणे त्याच्यावर बसून गेले. हसतानाही वजन सांडत नाही, ही नवीनच गोष्ट मला कळली.

चौथा धोटा, सर्प, कोंबडा, सात तारे. आता मी कुठे वळते आहे याची मला फिकीर नव्हती. प्रत्येक पाय भरायला जेवढा वेळ लागे तेवढा मी देत होते, आणि माझे पाय अठ्ठावन्न वर्षांनी विचारले गेले असल्यामुळे त्यांना सांगण्यासारखे बरेच होते. बाकीचे चाळीस जण हात खाली घेऊन सरळ उभे राहिले तेव्हा माझे हात अजून छातीपाशी होते. संगीत संपले. थानताईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितले. निवेदकाने आठव्या गटाचे नाव पुकारले. लाल पंख्यांचा नाच करणाऱ्या बायका जिन्यावरून मंचावर यायला लागल्या.

"मावशी, झालं का?" पहिलीने विचारले.

"होत आलं," मी म्हणाले. "तुम्ही या."

त्या आल्या. आमचा गट दुसऱ्या बाजूने उतरू लागला आणि लुओभाऊ खालून ओरडले, "यूमेई, रविवार एकच दिवस असतो!" माझ्याभोवती डावीकडे, उजवीकडे खाडखाड लाल पंखे उघडत गेले. कर्ण्यातून ढोल सुरू झाला. मी उरलेला श्वास सोडत, वजन दोन्ही पायांत सारखे वाटत, हात हळूहळू मांड्यांपर्यंत खाली आणत राहिले, आणि पंखेवाल्या बायका मला मधोमध धरून वळल्या.